ओव्हन नाही? मग ट्रफल करा!

काल वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "ओव्हन नाही गं, नाताळला नातवंडांसाठी काय करू?"

२०० ग्रॅम मारी बिस्किटं मिक्सरमधून रव्यासारखी काढा. त्यात ३ चमचे कोको, अर्धा डबा (२०० ग्रॅम) कंडेन्स्ड मिल्क, चमचाभर लोणी. मळून सुपारीएवढे गोळे वळा, अर्धा तास फ्रीजमध्ये.

मग हे गोळे वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. खरी मेख या चॉकलेटची. वितळवताना पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. साखर ओली होऊन चिकटते आणि सगळं गुठळ्यांच्या पिठल्यासारखं आवळतं. गेल्या वर्षी ओल्या चमच्यापायी माझं तसंच झालं. (शेवटी गरम दुधात ढवळून प्यायलो!)

बुडवण्याआधी गोळे १० मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असले की वरचं चॉकलेट तडकतं.

वर खोबऱ्याचा कीस किंवा पिस्ते. अडलं तर विचारा.