लहान धक्क्यांनी मोठा भूकंप टळत नाही

हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. दोन्ही वेळा तेच ऐकायला मिळालं: "बरं झालं, थोडं थोडं हलून गेलं की जमिनीतला जोर निघून जातो." डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून शेकडो धक्के बसले, तिथेही लोकांना हाच दिलासा दिला गेला. शिकलेली माणसंही हे ठासून सांगतात. ते चूक आहे, आणि त्याने माणसं गाफील राहतात, म्हणून हिशेबच मांडू.

तीव्रतेचा आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा होता. तेवढी ऊर्जा ३ तीव्रतेच्या धक्क्यांनी काढायची तर असे साठ हजारांहून जास्त धक्के लागतील. प्रत्यक्षात आकडा एकने उतरला की धक्क्यांची संख्या साधारण दहापटच वाढते. ऊर्जा ३२ पटींनी घटते, संख्या दहापटींनी वाढते. ही तूट भरून कशी निघणार?

कागदावरचा हिशेब पटत नसेल तर किल्लारीकडेच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना भूकंप झाला. त्याआधी, १९९२ मध्ये, त्याच परिसरात धक्के बसत होते. जोर निघून जायचा असता तर तिथे निघून गेला असता! याचा अर्थ प्रत्येक धक्क्यामागून मोठा भूकंप येतोच, असाही नाही. बहुतेक वेळा येत नाही. पण धक्के म्हणजे सुटका, हे मात्र कोणी सांगू नये.

लहान धक्क्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. त्यांची केंद्रं नकाशावर मांडली की खाली खडक कुठे तुटलेला आहे, म्हणजे भ्रंश कुठे आहे, ते कळतं. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर आजपर्यंतचे धक्के धरणाच्या दक्षिणेला, साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब एवढ्याच टापूत एकवटलेले आहेत. १९६७ ला हललेला दोनाचीवाडा भ्रंश याच टापूत आहे. जुना भूकंप, भ्रंश आणि आजचे धक्के असे एकमेकांना जोडता येतात.

"आमच्याकडे पूर्वी कधी झाला नाही" हा दुसरा लाडका युक्तिवाद. किल्लारी तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे खोल विवरं घेतली. सुमारे ३३८ मीटर काळ्या पाषाणाखाली जुना खडक लागला, आणि भ्रंशाच्या दोन बाजूंचे पाषाणाचे थर काही मीटरनी वरखाली सरकलेले आढळले. १९९३ ला वर जमीन जेमतेम हातभर उचलली गेली होती. म्हणजे हा भ्रंश आधीही हललेला होता, फक्त त्याची आठवण कुणाकडे नव्हती. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. किल्लारीखाली ज्वालामुखी जागा होत नव्हता. दख्खनचा लाव्हा थंड होऊन सहा कोटींहून अधिक वर्षं झाली. धरणाचं पाणी भूकंपाचं बळ निर्माण करत नाही; खडकात आधीच साठलेला ताण ते लवकर सुटायला लावतं. अमुक तारखेला भूकंप येणार, हे व्हॉट्सॲपवरच काय, जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत सांगता येत नाही.

आणि जाड भिंत म्हणजे मजबूत घर, हेही खरं नाही. किल्लारीतल्या दोन-अडीच फुटी भिंती म्हणजे दगडांच्या दोन वेगळ्या रांगा आणि मध्ये माती-खडीची भर. हादऱ्याने रांगा फाकल्या आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांवर आलं. अशा भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही रांगांना बांधणारे आरपार दगड बसवता येतात. जुन्या घरातही, एकेक दगड काढून.