दारू दारापर्यंत आली तर?

मे २०२० च्या टाळेबंदीत राज्य सरकारने परवानाधारकांना घरपोच दारू देण्याची मुभा दिली. तेव्हा दारूबंदी असलेले गडचिरोली, चंद्रपूर व वर्धा हे जिल्हे त्यातून वगळले होते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्याचा निर्णय झाला. तोही बंदीच्या जिल्ह्यांसाठी नव्हता. पण चंद्रपूरची २०१५ ची बंदी मे २०२१ मध्येच उठली होती. गडचिरोलीत ती १९९३ पासून कायम आहे.

"वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, ती दारू नव्हे," असे कुणी म्हटले तर फसू नका. तिच्यात साधारण १२ टक्के मद्यार्क असतो. दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. दारूने यकृत बिघडते. तोंडाचा, अन्ननलिकेचा, स्तनाचा कर्करोग होऊ शकतो.

घरात कुणी रोज भरपूर पीत असेल, तर दारू एकाएकी तोडू नका. हातपाय थरथरणे, झटके, भ्रम होऊ शकतो; जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटा. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. कायदा बदलला तरी आपल्या घराचा उंबरठा आपल्याच हाती आहे.