उसातील बिबट्या आणि माणूस : अकोले परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
वन्य प्राणी अरण्यात आणि माणूस गावात, अशी विभागणी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते. त्यामुळे गावात बिबट्या दिसला की तो वाट चुकून आला असे मानले जाते व त्याला पकडून दूर जंगलात सोडण्याची मागणी होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील वस्तुस्थिती या समजाला छेद देणारी आहे.

उसाचा आश्रय :
भंडारदरा धरणामुळे प्रवरेच्या खोऱ्यात बागायत वाढली. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर उसाचे क्षेत्र विस्तारत गेले. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस बिबट्याला दडण्यास व पिले वाढविण्यास सोयीचा ठरतो. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेले संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात अशा या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के, तर त्यातील एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के असल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. म्हणजेच बिबट्या येथे पाहुणा नसून रहिवासी आहे.

स्थलांतराचे परिणाम :
शेजारच्या जुन्नर परिसरात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडलेले बिबटे अन्यत्र सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर हे प्रमाण वर्षाला सुमारे १७ वर गेले. सोडल्या गेलेल्या ठिकाणांजवळही हल्ले झाले. अनोळखी प्रदेशात सोडलेला प्राणी तेथे स्थिरावेलच असे नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक नर बिबट्या रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. ‘आजोबा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा बिबट्या महामार्ग व लोहमार्ग ओलांडत, कोणालाही इजा न करता, सुमारे १२० किलोमीटरवरील मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला.

अन्नाचे आकर्षण :
अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील अस्वले पर्यटकांच्या खाद्यपदार्थांना व कचऱ्याला सरावली होती. १९३१ ते १९६९ या काळात त्यांच्यामुळे वर्षाला सरासरी ४८ माणसे जखमी होत. १९७० पासून कचऱ्याची कडक व्यवस्था व खाऊ घालण्यावरील बंदीची अंमलबजावणी झाली आणि २०१० च्या दशकात हे प्रमाण वर्षाला सुमारे एकावर आले. अस्वल तेच राहिले. माणसाची वागणूक बदलली.

निष्कर्ष :
बिबट्याने लहान मूल गमावलेल्या कुटुंबाला सहजीवनाचा उपदेश करणे निरर्थक होय. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त आवश्यकच आहे. परंतु केवळ दिसला म्हणून प्रत्येक बिबट्या हलविल्याने धोका टळत नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येऊ शकतो. बंदिस्त गोठे, उघड्यावरील कचऱ्याचे व मोकाट कुत्र्यांचे नियंत्रण, घराजवळ शौचालय, रात्री पुरेसा उजेड आणि मुलांना एकटे न सोडणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. तोडणीच्या वेळी सापडलेली पिले तेथेच राहू दिल्यास मादी ती घेऊन जाण्याची शक्यता असते. सर्वाधिक धोका मात्र फडालगत कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना आहे. त्यांच्यासाठी सुरक्षित निवारा उभारणे, ही बिबट्याच्या प्रश्नावरील उपाययोजनेची पहिली पायरी ठरावी.