नवजात बाळ आणि ‘के’ जीवनसत्त्व

पक्षाघात हा उतारवयातला आजार, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मेंदूतील रक्तवाहिनी तुंबणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे हे तान्ह्या बाळांतही घडू शकते. त्यातील रक्तस्रावाचे एक कारण साध्या इंजेक्शनने टाळता येते.

जखमेतले रक्त गोठते ते यकृतात तयार होणाऱ्या काही प्रथिनांमुळे. त्यांतील काहींना ‘के’ जीवनसत्त्वाची गरज असते. याचा शोध डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी लावला व त्याबद्दल त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसांना हे जीवनसत्त्व पालेभाज्यांतून मिळते. गर्भातील बाळाला मात्र वारेतून ते फारच थोडे पोहोचते. आईच्या दुधातही ते अल्प असते. याचा अर्थ आईचे दूध निकस, असा मुळीच नाही! पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे. ही एक उणीव इंजेक्शनने भरून काढावी.

जन्मानंतर लगेच बाळाच्या मांडीत १ मिलिग्रॅम ‘के’ जीवनसत्त्व देतात; एक किलोहून कमी वजनाच्या बाळास अर्धा मिलिग्रॅम. “डॉक्टर, इवल्याशा जिवाला सुई कशाला?” असे आजीबाई मला विचारतात. त्यांना मी सांगतो, की ही सुई न दिल्यास दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळालाही अचानक रक्तस्राव होऊ शकतो. असे क्वचितच घडते. पण घडले तर सुमारे निम्म्या बाळांत तो मेंदूत होतो. त्यात बाळ दगावते किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते.

बीसीजी, पोलिओ व कावीळ ‘ब’ या लसी वेगळ्या आणि हे इंजेक्शन वेगळे. दवाखान्यातून घरी जाताना त्याची नोंद कार्डावर आहे ना, हे पाहावे. बाळंतपण घरी झाले असल्यास बाळाला त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. गर्भवती फेफऱ्याची किंवा क्षयाची औषधे घेत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

नाळेतून वा नाकातून रक्त येणे, अंगावर आपोआप निळे डाग उठणे, पहिल्या दोन-तीन दिवसांनंतरही काळी शी होणे, बाळ पांढरेफटक पडणे, दूध न ओढणे, टाळू फुगणे, आकडी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास घुटी-अंगाऱ्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.