बारीक मुळांचा जोर

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावकडची वाहतूक थांबली. हा घाट आपल्या मराठवाड्यातच आहे. दरडी कोकणात कोसळतात, मराठवाड्यात नाही, हा समज एका रात्रीच्या पावसाने खोडून काढला.

आपल्याकडच्या डोंगरउतारावर वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. पावसाचं पाणी माती-मुरमात मुरतं आणि पाषाणापाशी अडतं. तिथे साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते आणि वरचा थर खडकावरून घसरतो. अशा उथळ दरडीची जाडी बहुधा एक-दोन मीटर असते. झाडाझुडपांची बहुतेक मुळंही तेवढ्याच खोलीत पसरलेली असतात! जिथे उतार दुबळा, नेमकी तिथेच मुळांची वस्ती.

माती दाब सोसते, पण ओढ लागली की फाटते. मूळ ओढ सोसतं. स्लॅबमध्ये सळई जे काम करते, तेच मातीत मूळ करतं. वाळ्याच्या मुळांची मलेशियात १९९६ मध्ये चाचणी झाली, तेव्हा त्यांची ताणशक्ती सरासरी ७५ मेगापास्कल भरली. साध्या पोलादाच्या जवळपास एक षष्ठांश. म्हणजे एक मिलिमीटर जाडीचं मूळ तोडायला साधारण सहा किलोंचा भार लागेल. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच हा वाळा!

त्याहून नवलाची गोष्ट अशी, की जाडीच्या मानाने बारीक मुळं जाड मुळांपेक्षा बळकट असतात. जाड मुळं खाली मुरमात आणि खडकाच्या भेगांत शिरून थराला खिळून ठेवतात. मातीचा कण न् कण बांधतात ती बारीक मुळं. म्हणून उतारावर नुसती झाडं नकोत. अंजन, धावडा, सालई यांच्या जोडीला करवंदाच्या जाळ्या हव्यात, पवन्या-मारवेलसारखं गवत हवं.

झाडं एरवी मातीतलं पाणी शोषून उतार हलका ठेवतात. पण सलग कोसळणाऱ्या पावसात माती चिंब होते, तेव्हा या शोषण्याचा फारसा उपयोग उरत नाही. भिस्त मुळांच्या पकडीवरच राहते. आणि या पकडीलाही मर्यादा आहे. घसरण मुळांच्या बऱ्याच खालून सुरू झाली, तर दाट जंगलही डोंगराबरोबर खाली येतं. तिथे पाण्याला वाट काढून देणं आणि भिंती बांधणं, हेच उपाय.

झाड तोडल्यावर काय होतं, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. उतार लगेच ढासळत नाही. मेलेली मुळं हळूहळू कुजतात, पकड वर्षागणिक सुटत जाते, आणि नवी रोपं लावली तरी त्यांची मुळं तेवढी भरायला वेळ लागतो. अलास्का, जपान, न्यूझीलंड इथल्या अभ्यासांत तोडीनंतर काही वर्षांनी दरडींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तोवर ती तोड कुणाच्या ध्यानातही राहिलेली नसते. धावडा, सालई यांच्या खोडक्यांना मात्र पुन्हा धुमारे फुटतात. ते धुमारे शेळ्यांपासून राखले, तर जुनी मुळं जिवंत राहतात आणि उताराला नव्या मुळांची वाट पाहावी लागत नाही.