तलासरीहून विद्यापीठ निवडताना
तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय आहे, बोर्डीत एन. बी. मेहता; दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. बाहेरच्या छोट्या खासगी विद्यापीठाची तुलना आधी यांच्याशी करावी. फीबरोबर वसतिगृह, खानावळ आणि प्रवासाचा खर्चही धरा. शिष्यवृत्ती लागू आहे का, हे आदिवासी विद्यार्थ्यांनी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात प्रवेशाआधीच विचारावे.

जाहिरातीतले नोकरीचे ‘सर्वाधिक पॅकेज’ एखाद्याच मुलाला मिळालेले असते. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरीला किती लागले आणि मध्यक पगार किती, हे असते. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना तेवढे किंवा त्याहून कमीच मिळते. असे आकडे मागूनही न देणाऱ्या संस्थेत जमीन गहाण ठेवून पैसे भरू नयेत.