विंचवाची नांगी आणि मज्जातंतूंची दारं

विंचू पायाच्या बोटाला डसतो. अंगात शिरतं ते थेंबभरही नसतं, थेंबाचा एक अंश. तरी तास-दोन तासांत माणूस घामानं निथळतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. विंचू लाल असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर छाती घरघरू लागते, तोंडाला फेस येतो. दंश बोटाला आणि जीव जातो तो हृदय व फुप्फुसांपायी. असं का व्हावं? याचं उत्तर विंचवापाशी थोडं आणि आपल्या मज्जासंस्थेपाशी जास्त आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही. नस दबली, नस सापडत नाही, दोन्हीकडे तोच शब्द. पण मज्जातंतूतून काहीही वाहत नाही. तो म्हणजे मज्जापेशींच्या लांबच लांब शेपट्यांची जुडी. कमरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत पोचणारी एकेक शेपटी चांगली मीटरभर भरते, आणि ती एकाच पेशीची असते!

या शेपटीतून निरोप जातो तो विजेच्या रूपात. मात्र घरातल्या तारेतली वीज वेगळी, ही वेगळी. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर असतं. आपल्या जेवणातल्या मिठात असतं तेच हे सोडियम. आत पोटॅशियम जास्त. पेशीच्या पातळ आवरणात सोडियमसाठी बारीक दारं असतात आणि एरवी ती बंद असतात. त्यामुळे आत-बाहेर विजेचा एक ताण टिकून राहतो, साधारण एका व्होल्टचा चौदावा भाग. एखाद्या जागी धक्का बसला की तिथली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, ताण क्षणात उलटा होतो. त्या धक्क्यानं शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. सायकल स्टँडवर कडेची एक सायकल कलंडली की सगळी रांग धडाधड आडवी होते ना, तसंच. फरक इतकाच, की इथे प्रत्येक सायकल हजारांश सेकंदात पुन्हा उभी राहते. दारं आपोआप मिटतात, पोटॅशियम बाहेर पडून ताण पूर्ववत होतो, आणि आत आलेलं सोडियम बाहेर काढणारे पंप तर अहोरात्र चालूच असतात. आपल्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यातला मोठा भाग या पंपांवर खर्च होतो.

आणखी एक गंमत. निरोप लहान-मोठा नसतो. चिमटा हळू घ्या की जोरात, लहर तेवढीच उठते, फक्त जोरात घेतल्यावर सेकंदाला जास्त लहरी निघतात. मेंदू जणू मोजणी करतो, आवाज ऐकत नाही. हे दाखवून देणाऱ्या एडगर एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला १९३२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा निरोप किती वेगानं जातो? तो क्षणार्धात पोचतो, त्याचा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, असा समज १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबवर विजेचा धक्का देऊन, स्नायू आखडायला लागलेल्या वेळातला फरक त्यानं मोजला. वेग आला सेकंदाला अवघा सत्तावीस मीटरच्या आसपास. माणसाच्या शरीरातले सर्वांत वेगवान तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जातात, कारण त्यांच्यावर चरबीयुक्त वेष्टण असतं आणि लहर त्यातल्या फटींवरून उड्या मारत जाते. पण वेष्टण नसलेले तंतूही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा वेग सेकंदाला एखादा मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. अंधारात उंबरठ्याला अंगठा ठेचकाळला की आधी तीक्ष्ण सणक येते आणि जरा थांबून ती जळजळणारी, ठसठसती कळ. अंगठ्यातून निघालेले हे दोन निरोप आहेत. एक एक्स्प्रेसनं आला, दुसरा पॅसेंजरनं.

ही दारं सापडली ती समुद्रात. आपल्या बाजारात माकुल म्हणून मिळतात ना, त्यांच्या भाईबंदांतल्या एका जातीत अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा एकेरी तंतू असतो. माणसाचा जाडात जाड तंतूही मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाच. वेष्टणाची सोय नसलेल्या माकुलनं वेग मिळवला तो जाडी वाढवून. त्या तंतूत तार घालून हॉजकिन आणि हक्सले या इंग्रज जोडीनं सोडियम-पोटॅशियमचं सगळं गणित मांडलं ते १९५२ साली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माकुल, बेडूक, उंदीर, माणूस, सगळ्यांच्या तंतूंचं तंत्र मुळात एकच निघालं.

आता विंचवाकडे वळू. त्याच्या विषातले काही घटक नेमके याच दारांना जाऊन चिकटतात आणि त्यांना वेळेवर मिटू देत नाहीत. मग सायकली पडतच राहतात! विष रक्तातून अंगभर पसरतं आणि हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांना हुकूम देणारे तंतू एकाच वेळी ओरडू लागतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं.

रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर हे मृत्यू पाहत होते. अशा रोग्यांच्या खाटेशी बसून त्यांनी एकेक लक्षण टिपलं आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ते जगापुढे मांडलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध वापरलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करतं, हृदयावरचा भार उतरवतं. गंभीर दंशांतलं मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रोगी आणखी लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ साली दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाडसारख्या गावात बसून केलेल्या या कामाला माझ्या मते प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच उंची आहे. त्यांच्या निरीक्षणातला एक मुद्दा घरोघरी ठाऊक हवा. दंशाच्या जागी नुसती जबर कळ असेल तर धोका बहुधा कमी; कळ फारशी नाही पण घाम, उलटी आणि गार हातपाय आहेत, तर गाडी ताबडतोब दवाखान्याकडे वळवायची.

नागाचं आणि मण्यारीचं विष वेगळ्या ठिकाणी घाव घालतं. मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो, मध्ये अतिसूक्ष्म फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं आणि पलीकडच्या स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखं बसतं. मज्जातंतू असा रसायनातून बोलतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं होतं. एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून त्याचे ठोके मंदावले, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर ओतला, तर तेही मंदावलं.

नागाचं विष ही कुलपं बुजवतं. मुंगूस नागाशी लढून कसा वाचतो? कुठलीशी मुळी खाऊन येतो, असं आपल्याकडे सांगतात. खरी गोष्ट अशी, की मुंगसाच्या कुलपाची घडणच जराशी निराळी आहे. त्याची स्वतःची किल्ली बसते, नागाची बसत नाही. पण म्हणून तो अमर नाही. विष फार गेलं तर तोही मरतो आणि चपळाईवरच त्याची भिस्त असते.

मण्यार याहून वाईट. ती रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दुखत नाही. तिचं विष किल्ल्या सोडणारी तंतूंची टोकंच उद्ध्वस्त करतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. टोकं एकदा मोडली की प्रतिविषानं ती जुळत नाहीत, म्हणूनच ते लवकर मिळायला हवं. पण कृत्रिम श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, टोकं पुन्हा उगवतात आणि रोगी बरा होतो. तोवर तो निपचित असतो, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत, मेंदू गेला असं वाटू शकतं. मेंदू मात्र बहुधा शाबूत असतो आणि खाटेभोवती नातेवाईक जे बोलतात ते त्याला ऐकू येत असतं.